दुरुस्तीनंतर इंजिन ‘मिसिंग’ का करते?

सुटीच्या दिवशी बॉनेट उघडून स्वतःच्या हाताने प्लग बदलणे, एअर फिल्टर बसवणे किंवा थ्रॉटल बॉडी स्वच्छ करणे हा अनेक वाहनधारकांचा आवडता उद्योग असतो. त्यात पैसे वाचतात आणि गाडीची ओळखही वाढते. मात्र काम आटोपून किल्ली फिरवावी, तर सकाळपर्यंत सुरळीत चालणारे इंजिन थरथरू लागते, सायलेन्सरमधून तुटक आवाज येतो, ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी गचके देते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. गॅरेजच्या भाषेत सांगायचे, तर गाडी ‘मिसिंग’ करू लागते. अशा वेळी घाबरून कॉइल, सेन्सर, इंधनपंप असे एकेक नवे सुटे भाग आणून बसवले जातात आणि ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशी गत होते. वास्तविक, दुरुस्तीपूर्वी नसलेला दोष दुरुस्तीनंतर लगेच उद्भवला असेल, तर तो बहुधा जेथे शेवटचा हात लागला होता तेथेच सापडतो. शोधाची सुरुवात तेथूनच व्हायला हवी.

मिसिंग म्हणजे नेमके काय?

पेट्रोल इंजिनात सिलिंडरमध्ये आलेले हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि प्लगच्या ठिणगीने पेटते. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांमागे एकदा हे ज्वलन होते. चार सिलिंडरचे इंजिन आयडलिंगला मिनिटाला ८०० फेऱ्या घेत असेल, तर मिनिटाला एकूण १६०० वेळा मिश्रण पेटते. त्यांपैकी एका सिलिंडरमधील ज्वलन चुकले, की लय बिघडते आणि इंजिन हलू लागते. ज्वलनासाठी योग्य वेळी पडणारी ठिणगी, हवा-पेट्रोलचे योग्य प्रमाण आणि पुरेसा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, या तीन गोष्टी लागतात. मिसिंगचे कोणतेही कारण यांपैकी एकात बसते.

लुकलुकणारा दिवा

तपासणीपूर्वी डॅशबोर्डवरील इंजिनाच्या दिव्याकडे पाहावे. दिवा स्थिर असेल, तर दोषाची नोंद झाली आहे एवढाच त्याचा अर्थ. मिसिंग होताना दिवा लुकलुकत असेल, तर मात्र गाडी चालवणे थांबवावे. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. तेथील तापमान इतके वाढते की आतील जाळीदार गाभा वितळू शकतो. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना १९९५ पासून हा भाग सक्तीचा झाला. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांसारखे मौल्यवान धातू असल्याने तो महाग असतो. सैल राहिलेल्या एका प्लगकडे दुर्लक्ष केल्याने कन्व्हर्टर बदलावा लागण्याची वेळ येऊ शकते. शिवाय अतितप्त कन्व्हर्टरखाली वाळलेले गवत किंवा पालापाचोळा असल्यास आगीचाही धोका असतो.

उलट क्रमाने तपासणी

जे जे काम केले, त्याची कागदावर क्रमाने यादी करावी आणि शेवटच्या कामापासून मागे जात प्रत्येक जोड पुन्हा पाहावा. इंजिन थंड आणि बंद असावे.

प्लग बदलले असतील, तर प्रत्येक कॉइलचा कनेक्टर ‘खट्’ असा आवाज होईपर्यंत बसला आहे का, हे प्रथम पाहावे. वरून बसल्यासारखा दिसणारा पण न अडकलेला कनेक्टर हे मिसिंगचे नेहमीचे कारण आहे. त्यानंतर प्लग काढून पाहावेत. प्लग खाली पडला किंवा पान्हा तिरका लागला, तर पांढऱ्या चिनी मातीच्या भागाला केसासारखी चीर जाते आणि ठिणगी टोकाशी न पडता बाजूनेच निसटते. प्लगची फट मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाचीच असावी. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लग पहिले काही आटे हातानेच फिरवून बसवावा. सुरुवातीलाच जोर लागत असेल, तर आटे वाकडे धरले गेले आहेत असे समजून तो बाहेर काढावा.

जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरपासून प्लगपर्यंत जाड वायरी असतात. चार सिलिंडरच्या बहुतेक सरळ रांगेतील इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो. दोन वायरींची अदलाबदल झाली, तर इंजिन जोराने हलते आणि कार्ब्युरेटर किंवा सायलेन्सरमधून बार निघतात. म्हणून वायरी एका वेळी एकच काढून बदलाव्यात.

एअर फिल्टर किंवा थ्रॉटल बॉडीचे काम केले असेल, तर निघालेली व्हॅक्यूमची नळी, सैल क्लॅम्प आणि सेन्सरचा विसरलेला कनेक्टर शोधावा. सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरली, की मिश्रण पातळ होते. अशी मिसिंग बहुधा आयडलिंगला अधिक आणि वेग वाढल्यावर कमी जाणवते. इंजिन पाण्याने धुतले असेल, तर प्लगच्या खोबणीत साचलेले पाणी हेही कारण असू शकते.

बॅटरी काढून पुन्हा जोडल्यावर किंवा थ्रॉटल बॉडी स्वच्छ केल्यावर काही गाड्यांचे आयडलिंग थोडा काळ अस्थिर राहते, कारण संगणकाला हवेचे प्रमाण नव्याने शिकावे लागते. त्यास मिसिंग समजू नये.

अदलाबदलीची कसोटी

सर्व जोड नीट असूनही दोष राहिला, तर कोड वाचणाऱ्या यंत्राची मदत घ्यावी. भारतात बीएस-४ मानकांच्या काळात, एप्रिल २०१३ पासून, मोटारींना ओबीडी-२ प्रणाली लागू झाली. क्रँकशाफ्टच्या गतीतील सूक्ष्म चढउतारांवरून ही प्रणाली मिसिंग ओळखते. पी-०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी-०३०२ म्हणजे दुसरा, तर पी-०३०० म्हणजे एकापेक्षा अधिक किंवा अनिश्चित सिलिंडर. पी-०३०० आल्यास हवेची गळती, इंधनाचा दाब अशी सर्व सिलिंडरना सामाईक असणारी कारणे आधी पाहावीत.

पी-०३०१ आल्यास कॉइल खराब आहे, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या इंजिनात पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी, कोड पुसावा आणि इंजिन चालवावे. आता पी-०३०२ आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच सदोष. कोड पहिल्यावरच राहिला, तर हीच कसोटी प्लगवर करावी. एका वेळी एकच भाग हलवावा, अन्यथा निष्कर्ष निघत नाही. चालू इंजिनावर कॉइल किंवा वायर उपसून ‘कोणता सिलिंडर मेला’ हे पाहण्याची जुनी पद्धत टाळावी. तेथे हजारो व्होल्टचा दाब असतो आणि त्यात इंजिनाच्या संगणकाचीही हानी होऊ शकते.

प्लगचे टोकही बोलके असते. फिकट तपकिरी टोक निरोगी ज्वलन दर्शवते. पेट्रोलने ओले टोक म्हणजे ठिणगी पडत नाही. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी क्षीण. तेलकट थर म्हणजे ऑईल आत शिरते आहे.

कोठे थांबावे?

टायमिंग बेल्ट किंवा चेन बदलल्यावर मिसिंग सुरू झाली असेल, तर इंजिन पुन्हा सुरू करून पाहू नये. बेल्ट एक-दोन दातांनी चुकला, तर झडपांची वेळ बिघडते आणि अनेक इंजिनांत दट्ट्या झडपांवर आदळून मोठे नुकसान होते. पेट्रोलचा वास येत असल्यास किंवा पाइपच्या जोडावर ओल दिसल्यास स्टार्टर मारू नये.

ठिणगी आणि इंधन दोन्ही व्यवस्थित असतील, तर कॉम्प्रेशन मोजणे उरते. एका सिलिंडरचा दाब इतरांहून बराच कमी भरल्यास त्यात चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला, तर रिंगा झिजल्याचा संशय घेतात. न वाढल्यास झडपा किंवा हेड गॅस्केटकडे लक्ष वळते. हे काम अनुभवी मिस्त्रीकडे सोपवणे श्रेयस्कर. त्याच्याकडे जाताना केलेल्या कामांची यादी, आलेले कोड आणि काढलेले जुने प्लग सिलिंडरच्या क्रमाने बरोबर न्यावेत. घरी काय काय उघडले होते, हे संकोचाने लपवू नये. मिस्त्रीचा निम्मा शोध त्या माहितीनेच संपतो.