संगीताच्या मास्तरांची घोडदौड

मंडळी, घोडदळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भाले, धूळ आणि 'हर हर महादेव' उभे राहते. आज ज्या घोडदळाबद्दल लिहिते आहे ते अमेरिकेतले, १८६३ सालचे, आणि त्याचा म्होरक्या मुळात संगीताचा मास्तर होता. नाव बेंजामिन ग्रिअर्सन. (आपल्या भाषांची पाहणी करणारे जॉर्ज ग्रिअर्सन वेगळे हो, घोटाळा नको!)

इलिनॉय राज्यातल्या जॅक्सनव्हिल गावी हा गृहस्थ संगीत शिकवायचा, बँड बसवायचा. मध्ये दुकान काढले, ते बुडाले. आठ वर्षांचा असताना घोड्याने तोंडावर लाथ मारली होती, तेव्हापासून घोड्यांशी त्याचे सख्य नव्हते. आणि यादवी युद्धात त्याला घातले कुठे, तर घोडदळात. सरकारी नेमणुका सगळीकडे सारख्याच म्हणायच्या!

हे युद्ध १८६१ ते १८६५ चालले आणि त्याच्या मुळाशी गुलामगिरी होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले, ते त्यांनी निग्रो गुलामांच्या सुटकेसाठी केलेल्या कार्याबद्दल. त्या युद्धाचे हे एक पान.

मिसिसिपी नदीवर दक्षिणेचा सर्वांत भक्कम अड्डा होता व्हिक्सबर्ग. उत्तरेचा सेनापती ग्रँट सबंध हिवाळाभर तिथे डोके आपटत होता. शेवटी त्याने ठरवले, पश्चिम काठाने खाली उतरायचे आणि व्हिक्सबर्गच्या दक्षिणेला नदी ओलांडायची. पण हजारो माणसे होड्यांतून उतरत असताना पलीकडे शत्रू उभा असला तर कत्तलच. तेव्हा व्हिक्सबर्गच्या पेम्बर्टनचे लक्ष दुसरीकडे वळवायला हवे होते.

१७ एप्रिल १८६३ ला टेनेसीतल्या ला ग्रेंजहून ग्रिअर्सन १७०० स्वार घेऊन निघाला, थेट शत्रूच्या मुलखात. खिशात मिसिसिपी राज्याचा एक साधा नकाशा आणि वाजवायला तोंडात धरायचे छोटे वाद्य. तीन दिवसांनी आजारी आणि दमलेले पावणेदोनशे जण त्याने परत पाठवले. दुसऱ्या दिवशी हॅच नावाच्या कर्नलला त्याची तुकडी आणि एक छोटी तोफ देऊन मागे वळवले. ही युक्ती मला फार आवडली. परत जाणाऱ्यांनी रस्त्यावरचे पुढे जाणारे टापांचे ठसे बुजवले, आणि तोफ चार ठिकाणी वळवून चार तोफांच्या चाकोऱ्या उमटवल्या. शत्रू हॅचच्या मागे धावला. ग्रिअर्सन उरलेल्या साडेनऊशे स्वारांसह दक्षिणेकडे पसार!

त्याच्यापुढे चालायचे त्याचे टेहळे. सार्जंट रिचर्ड सर्बी त्यांचा नायक. हे लोक दक्षिणेच्या सैनिकांचे कपडे घालून गावागावांत गप्पा मारायचे, पूल कुठे आहेत, फौज कुठे आहे ते काढून घ्यायचे. २४ एप्रिलला न्यूटन स्टेशनवर व्हिक्सबर्गच्या रेल्वेवरच्या दोन गाड्या धरून जाळल्या, रूळ उखडले, तारा तोडल्या. तीन दिवसांनी हेझलहर्स्टच्या तारघरात जाऊन टेहळ्यांनी चक्क पेम्बर्टनलाच तार केली, की यांकी माघारी वळले आहेत म्हणून. आपल्याकडे याला गनिमी कावा म्हणतात.

रूळ काय, दक्षिणेने पुन्हा घातलेच असते. माझ्या मते खरी कमाई वेगळीच होती. ग्रिअर्सनला पकडायला पेम्बर्टनने नदीकाठावरचे आपले घोडदळ काढून त्याच्या मागे लावले. म्हणजे नदीवर नजर ठेवायला जे डोळे हवे होते तेच नेमके रानात भटकत होते. ३० एप्रिलला ग्रँट ब्रुइन्सबर्गला उतरू लागला तेव्हा समोर अडवायला कोणी नव्हते. ४ जुलैला व्हिक्सबर्ग पडले.

पण एवढे सांगून थांबले तर सिनेमा होतो. (तसा झालाही आहे, जॉन फोर्डचा, १९५९ सालचा. त्यात जॉन वेन आहे.) १ मे ला टिकफा नदीवरच्या वॉल्स ब्रिजवर दक्षिणेचे सैनिक दबा धरून बसले होते. लेफ्टनंट कर्नल ब्लॅकबर्नने आव देखा न ताव, सरळ पुलावर घोडा घातला आणि कोसळला. त्याच्याबरोबर सर्बीही जखमी झाला. आता सर्बीच्या अंगावर शत्रूचे कपडे! तसा सापडला तर हेर म्हणून फाशीच. सोबत्यांनी घाईघाईने त्याचे कपडे उतरवून त्याला स्वतःचा निळा गणवेश चढवला. जखमींना घेऊन पळणे शक्य नव्हते, म्हणून त्यांना तिथेच ठेवावे लागले. एक डॉक्टर आपणहून त्यांच्यापाशी राहिला, कैद होणार हे माहीत असून. ब्लॅकबर्न वाचला नाही. सर्बी कैदी झाला, पण कपड्यांनी जीव वाचवला. पुढे सुटून त्याने या स्वारीवर पुस्तक लिहिले.

बाकीच्यांनी शेवटच्या २८ तासांत ७६ मैल काटले. माणसे खोगिरातच झोपत होती. बॅटन रूजजवळ फौज विश्रांतीला थांबली तेव्हा ग्रिअर्सन एका घरात शिरला, आणि झोप येऊ नये म्हणून तिथला पियानो वाजवत बसला. पुढे गेलेला एक स्वार घोड्यावर झोपेतच उत्तरेच्या पहाऱ्यापाशी पोचला होता. २ मे ला ही पलटण शहरात शिरली. सोळा दिवस, सहाशे मैल. ग्रिअर्सनच्या अहवालात त्याची हानी तीन ठार, सात जखमी, पाच आजारी म्हणून मागे ठेवलेले आणि नऊ बेपत्ता एवढीच आहे.

फौजेच्या मागून मळ्यांतले काळे स्त्रीपुरुषही आले होते, धरलेली घोडी-खेचरे हाकत. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारीचाच, पण मळ्याच्या मालकाला तो कोण सांगणार? निळा गणवेश दारावरून गेला तोच जाहीरनामा. ज्यांना त्या वेगाने चालता आले ते सुटले. म्हातारे, लेकुरवाळ्या बाया मागे राहिल्या, आणि फौज गेल्यावर मालकाच्या रागापुढे त्याच होत्या. त्यांची नोंद त्या अहवालात नाही.

युद्धानंतर ग्रिअर्सनने काळ्या सैनिकांची दहावी घोडदळ पलटण उभी केली आणि वीसेक वर्षे तिचा तो प्रमुख होता. गोऱ्या अधिकाऱ्यांना अशी नेमणूक कमीपणाची वाटे. आपल्या माणसांना नीट वागणूक मिळावी म्हणून तो वरिष्ठांशी भांडला. कायम सैन्यात ब्रिगेडियर जनरल झाला तो १८९० साली, निवृत्त व्हायच्या जेमतेम तीन महिने आधी.