एका चाकाची उंची

एकचाकीचं मूळ शोधायचं तर आधी उंच चाकाच्या जुन्या सायकलीकडे जावं लागतं. १८७०च्या दशकात इंग्लंडात तिचा जोर होता. पुढचं चाक माणसाच्या छातीला लागेल एवढं, मागचं अगदी लहान, आणि पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसावर. वाटेत धोंडा आला की मागचं चाक उचललं जायचं आणि स्वार तोंडावर आपटायचा. काही धीट गड्यांनी त्या उचलण्याचाच खेळ केला आणि पुढे मागचा भाग काढूनच टाकला, अशी एकचाकीची जन्मकथा सांगतात. मला ती पटते. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर आली, साखळीनं मागचं चाक फिरू लागलं, पुढे फ्रीव्हीलही आलं. एकचाकी मात्र होती तिथंच राहिली. अजूनही तिचं पायडल चाकाला जखडलेलं असतं. पाय थांबले की चाक थांबलं, उलटे मारले की मागे.

आमचं सायकलचं दुकान मिरजेत, म्हणजे सर्कशीच्या मुलखात. इथून जवळच्याच अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली भारतातली पहिली देशी सर्कस उभी केली. सर्कशीत एकचाकीची किंमत ठरते ती उंचीवर. शेवटच्या बाकावरच्या माणसालाही दिसली पाहिजे ना! म्हणून लांब दांडा, वर बैठक, खाली चाकापर्यंत साखळी, असा तो ‘जिराफ’. शिकणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य.

सर्कस मुक्कामाला असली की तिच्या एकचाक्या वडिलांकडे दुरुस्तीला यायच्या. त्या कारखान्यातल्या नसायच्याच. जुन्या सायकलीचा फोर्क, हबमधून आरपार घालून वेल्डिंग केलेला पायडलचा आस, दोन क्रँक, त्या आसाला जखडणाऱ्या दोन कॉटर पिना. साध्या सायकलीवर पिनेवरचा जोर बहुतेक एकाच बाजूनं येतो; इथे घडीला पुढे, घडीला मागे. पिन झिजायची, क्रँक खुळखुळायची. वडील कानशीनं पिन घासून ठोकून बसवायचे आणि म्हणायचे, “ऐतवारपर्यंत चालंल बघा.” सर्कसवाल्याला तेवढंच पाहिजे असायचं, त्याचा मुक्काम सोमवारी हलायचा. घरी तीच सायकल रोज चालवणाऱ्या पोराचं मात्र अवघड.

एकचाकी खऱ्या अर्थानं जमिनीजवळ आली ती जपानमध्ये. १९७८ साली तिथं एकचाकीची राष्ट्रीय संघटना झाली. तिच्या कार्यकर्त्यांत जॅक हॅल्पर्न होते. हा गृहस्थ एरवी जपानी चित्रलिपीचे शब्दकोश करणारा. छंद माणसाला कुठं नेतो पाहा. मियातासारख्या सायकल कंपनीनं एकचाक्या काढल्या. १९८९ साली प्राथमिक शाळेचा अभ्यासक्रम बदलला, त्यात व्यायामासाठी एकचाकी आली आणि १९९२पासून तो लागू झाला. लोखंडी आडव्या दांड्या धरून पोरं, त्यातही मुली जास्त, शाळेच्या आवारात तोल शिकू लागली. तिथं बघायला तिकीट काढून कुणी आलेलं नव्हतं, त्यामुळे उंचीची गरजच संपली.

त्याच सुमारास आपल्याकडच्या एकानं उलट टोक गाठलं. महाराष्ट्रातल्या दीपक लेले यांनी १९८४ साली ६ जून ते २५ सप्टेंबर या काळात न्यूयॉर्कहून लॉस एंजलिसपर्यंत ६,३७८ किलोमीटर एकचाकी चालवली. गिनेसच्या पुस्तकात ही नोंद झाली होती. सरासरी काढली तर दिवसाला ५७ किलोमीटर होतात, तेही फ्रीव्हील नसताना. उतारालासुद्धा पायांना सुट्टी नाही! सर्कशीतल्या कसरतीपेक्षा मला याचं अप्रूप जास्त. तरी लेल्यांचं नाव मिरजेत विचाराल तर कुणाला ठाऊक नसतं.

अधूनमधून कॉलेजची मुलं दुकानात येतात. “काका, स्वस्तातली पहिली कोणती घेऊ?” बहुतेकांच्या मनात जुनी सायकल कापून घरीच करायची असते. मी नको म्हणतो. कॉटर पिनेचं दुखणं वर सांगितलंच. चौकोनी आसावर बोल्टनं आवळलेल्या क्रँकची, साधी २० इंची घ्यावी. लहान पोराला १६ इंची. २० इंची चाक एका फेऱ्यात दीड मीटरच्या थोडं पुढं जातं, म्हणजे वेग बेताचा आणि पडलं तरी बहुधा पायावरच. बैठक बेंबीच्या उंचीला आली की पुरे. चकचकीत रिमला पैसे घालू नयेत, ते बैठकीला घालावेत.

जुनी मिळाली तर आणखी चांगलं, पण क्रँक हातानं हलवून बघावी आणि तिच्यावरची एल, आर ही अक्षरं वाचावीत. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. बैठक चुकून उलटी बसवली तर डावी क्रँक उजवीकडे येते आणि पुढे चालवतानाच पायडलं सुटायला लागतात, आणि लोक म्हणतात माल खराब. बैठकीची दांडी लांब वाटली तर घेऊन या, कापून देतो. त्याचे पैसे घेत नाही.