एकशे एक शब्द आणि एक गाजर

१९४५ साली न्यूयॉर्कच्या हार्पर अँड ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेने ‘द कॅरट सीड’ नावाचे एक लहानसे चित्रपुस्तक काढले. मजकूर रूथ क्राउस यांचा, चित्रे त्यांचे पती क्रॉकेट जॉन्सन यांची. सगळे मिळून शब्द एकशे एक. एक मुलगा गाजराचे बी लावतो. ते उगवेलसे आईला वाटत नाही, वडिलांनाही नाही. पण दोघे जपून बोलतात. थोरला भाऊ जपत नाही. मुलगा कुणालाच उत्तर देत नाही. रोज तण उपटतो, पाणी घालतो. बरेच दिवस काहीच होत नाही, आणि मग एके दिवशी गाजर येते. गोष्ट संपली.

एवढ्याशा गोष्टीत संशोधनपर लेखाला जागा कुठे, असे कोणी विचारील. माझ्या मते जागा आहे. ‘धीर धर’ हे मोठ्यांनी लहानांना ऐकवायचे वाक्य. आपल्याकडे तसेच युरोपातही. या पुस्तकात ते वाक्य नाहीच, शिवाय धीर सुटलेली माणसे मोठी आहेत.

हा बदल किती मोठा, ते पाहायला बरोबर शंभर वर्षे मागे जावे लागते. १८४५ साली फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन यांचे पुस्तक छापले गेले. पुढे ते ‘स्ट्रुवेलपेटर’ या नावाने जगभर गेले. आदल्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी त्यांनी ते स्वतः लिहून, चित्रे काढून तयार केले होते. त्यात जेवणाच्या टेबलावर स्वस्थ न बसणारा फिलिप आहे. खुर्ची झुलवता झुलवता तो मागे पडतो आणि टेबलावरची चादर, ताटवाट्या, जेवण सगळे अंगावर ओढून घेतो. अंगठा चोखणाऱ्या पोराचे तर अंगठेच कापले जातात. हॉफमन हे थट्टेने लिहीत होते असे मानायला जागा आहे. पण पिढ्यान् पिढ्या ते पुस्तक मुलांच्या हाती दिले गेले ते थट्टा म्हणून नव्हे. अधीर मूल आणि त्याचे होणारे नुकसान, हाच त्या काळच्या बालसाहित्याचा ओळखीचा साचा.

मधल्या काळात बरेच घडले. इथे महत्त्वाचे नाव लुसी स्प्रेग मिचेल यांचे. १९१६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये शिक्षणविषयक प्रयोगांची एक संस्था सुरू केली. तीच पुढे ‘बँक स्ट्रीट’ म्हणून ओळखली गेली. लहान मुलाची गोष्ट त्याला दिसते, ऐकू येते, हाताला लागते त्यापासून सुरू व्हावी, हा त्यांचा आग्रह. १९२१ च्या आपल्या कथासंग्रहाचे नावच त्यांनी ‘इथे आणि आत्ता’ अशा अर्थाचे ठेवले. लेखकांसाठी त्यांनी एक कार्यशाळाही चालवली आणि १९४० च्या दशकात क्राउस तिथे आल्या. कोलंबिया विद्यापीठात त्या मानववंशशास्त्र शिकल्या होत्या. लोक काय म्हणतात ते जसेच्या तसे टिपायची ही विद्या मुलांच्या बाबतीत फार उपयोगी पडली असावी. मॉरिस सेंडाक यांच्या चित्रांसह १९५२ मध्ये निघालेले त्यांचे ‘अ होल इज टू डिग’ तर मुलांनी स्वतः सांगितलेल्या व्याख्यांवरच उभे आहे.

जॉन्सन हे व्यंगचित्रमालिका काढणारे. ‘पीएम’ या दैनिकात १९४२ पासून त्यांची ‘बार्नबी’ चालू होती. कमीत कमी रेषांत काम भागवायची सवय तिथली. आता प्रश्न असा, की काहीच न घडणे चित्रात दाखवायचे कसे? कादंबरीकार ‘दिवस गेले’ असे लिहून मोकळा होतो. जॉन्सन तसे करत नाहीत. मातीचा उंचवटा, टोपीवाला मुलगा, रिकामी जागा. पान उलटा, पुन्हा जवळपास तेच. ऐकणाऱ्या मुलाला कोंब पाहायचा असतो आणि पान त्याला रिकामी माती दाखवते. वाट पाहायचे काम पुस्तकातल्या मुलाबरोबर वाचणाऱ्या मुलालाही करावे लागते, आणि माझ्या मते पुस्तकाचे खरे बळ इथे आहे.

ते दिवस युद्धाचे होते. अमेरिकेत घरोघरी परसात भाजी लावण्याची मोहीम चालली होती; १९४३ मध्ये अशा बागा सुमारे २ कोटी असल्याचा अंदाज होता. हे पुस्तक युद्धाचे रूपक आहे असे मला म्हणायचे नाही. पण त्याच्या पहिल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या नखांत माती होती. गाजराचे बी रुजायला एक ते तीन आठवडे घेते, काढणीला येईतो अडीच-तीन महिने जातात. तिसऱ्या आठवड्यातला रिकामा वाफा पाहून शंका घेणारी आई काही दुष्ट नव्हे.

धीराची परीक्षा पुढे प्रयोगशाळेतही झाली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड येथे वॉल्टर मिशेल यांनी बालवाडीतल्या मुलांपुढे खाऊ ठेवला आणि थांबलास तर जास्त मिळेल, असे सांगितले. २०१३ साली रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यात एक भर घातली. आधी शब्द पाळणारे मोठे माणूस भेटलेली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. शब्द मोडणारे भेटलेली सुमारे ३ मिनिटे. म्हणजे मुलाच्या धीराचा निम्माशिम्मा हिशेब मोठ्यांच्या खात्यावर आहे. क्राउस यांच्या मुलाला तर घरातून कसलाच शब्द मिळत नाही, मिळतो तो उलटा.

मग त्याची खात्री येते कुठून? पुस्तक सांगत नाही, आणि ही मला त्याची दुबळी बाजू वाटते. ठाम राहा, यश येईल, असे त्याचे सोपे वाचन करता येते, आणि न रुजणाऱ्या बियांविषयी त्याच्याकडे शब्द नाही. मात्र मुलगा नुसता विश्वास धरून बसत नाही, हेही खरे. त्याची वाट पाहणे म्हणजे रोजचे खुरपणे आणि पाणी. आई-वडील बोलतात, तो वाकलेला असतो.

शेवटच्या चित्रात तो गाजर एकचाकी गाडीत घालून नेतो. आई नाही, वडील नाहीत, भाऊ नाही. कोणी चुकलो म्हणायला आलेले नाही. आणि ‘इथे आणि आत्ता’च्या शाळेत घडलेल्या लेखिकेच्या या पुस्तकातले ते गाजर एवढे मोठे आहे, की तसले कोणत्याही वाफ्यात आजवर उगवलेले नाही.