हाडांच्या आणि मऊ ऊतींच्या गाठींमधील सायटोकाइन

सायटोकाइन ही निरोप्या प्रथिने आहेत. रोगप्रतिकार यंत्रणेतील पेशी त्यांच्यामार्फत एकमेकींना सूचना देतात. एका पेशीतून सुटलेले प्रथिन दुसऱ्या पेशीवरील ठरावीक ग्राहीला चिकटले, की ती पेशी वाढू लागते, जागा सोडते किंवा रूप बदलते. हाडांच्या आणि सांध्याभोवतीच्या मऊ ऊतींच्या काही गाठी हीच निरोपव्यवस्था वापरतात. अशा गाठींत बरेचसे नुकसान गाठीने बोलावून घेतलेल्या निरोगी पेशी करतात.

हाडाची घडण आणि मोड

अस्थिजनक पेशी हाड बांधतात, तर अस्थिभंजक पेशी जुने हाड विरघळवतात. अस्थिभंजक पेशी मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कुळातून तयार होतात. 'रँक-एल' हे प्रथिन त्यांना तयार होण्याचा आदेश देते आणि ऑस्टिओप्रोटेजेरिन हे प्रथिन तो आदेश अडवते. हा तोल १९९७-९८ च्या सुमारास उलगडला.

पुण्यातील संशोधन

पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने याच टप्प्यावर काम केले. २००३ मध्ये त्यांनी दाखवले, की इंटरल्यूकिन-३ हे सायटोकाइन अस्थिभंजकांच्या पूर्वज पेशींवर थेट परिणाम करते. रँक-एल हजर असतानाही या पेशी मॅक्रोफेज (भक्षक पेशी) होण्याच्या वाटेला लागतात. हे प्रयोग उंदरांच्या पेशींवर झाले. पुढे मानवी पेशींतही अस्थिभंजक रोखले जात असल्याचे दिसले. हे संशोधन गाठींवरचे नव्हते, पण गाठ ज्या निरोपाचा गैरवापर करते तो निरोप अडवता येतो, हे त्यातून दिसते.

हाडातील गाठ : जायंट सेल ट्यूमर

ही गाठ बहुधा २० ते ४० या वयात, अनेकदा गुडघ्याजवळ होते. ती सहसा कर्करोग नसते, पण हाड पोखरते. गाठीच्या मूळ पेशी भरपूर रँक-एल बनवतात आणि त्यामुळे अस्थिभंजकांसारख्या महाकाय पेशी जमतात. रँक-एलला बांधून ठेवणाऱ्या डेनोसुमॅब या औषधाला अमेरिकेत २०१३ मध्ये, शस्त्रक्रिया अशक्य किंवा फार हानिकारक ठरणाऱ्या रुग्णांसाठी मान्यता मिळाली.

मऊ ऊतींतील गाठ

सांध्याच्या अस्तरात होणाऱ्या टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमरमध्ये 'सीएसएफ-१' हे सायटोकाइन अतोनात बनते. जनुकीय बदल थोड्याच पेशींत असतो. गाठीचा मोठा भाग त्यांनी ओढून आणलेल्या मॅक्रोफेज पेशींचा असतो. सीएसएफ-१ चा ग्राही अडवणाऱ्या पेक्सिडार्टिनिबला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. मात्र त्यामुळे यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

निरोप थांबला, पाठवणारा उरला

डेनोसुमॅबमुळे महाकाय पेशी नाहीशा होतात, नवे हाड धरते आणि दुखणे कमी होते. पण निरोप पाठवणाऱ्या मूळ पेशी बऱ्याच अंशी तशाच राहतात. औषध थांबवल्यावर गाठ पुन्हा वाढू शकते. म्हणून शक्य तिथे शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार राहतो. औषध दीर्घकाळ घेतल्यास रक्तातील कॅल्शियम घटणे आणि जबड्याचे हाड मृत होणे हे धोके असतात. त्यामुळे औषध सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत : ते किती काळ घ्यायचे, आणि थांबवल्यानंतर पुढे काय?