सवाई माधवराव व नाना फडणीस : जोडव्यक्तिचित्र

चित्रकार : जेम्स वेल्स (१७४७–१७९५). पुणे, १७९२. माध्यम : कापडावर तैलरंग. संग्रह : रॉयल एशियाटिक सोसायटी, लंडन. नानांचा सातारा जिल्ह्याशी संबंध : जन्म सातारा (१७४२), वाडा मेणवली, ता. वाई.

या चित्राला युरोपातील रोकोको व्यक्तिचित्रांच्या मालिकेत बसवण्याचा मोह होतो, कारण अंगावरील वस्तूंमधून माणसाचा दर्जा दाखवण्याची रीत दोन्हीकडे आहे. परंतु फ्रेंच चित्रकार बुशेने १७५६ मध्ये रंगवलेल्या, फ्रेंच राजाची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिच्या चित्रात रेशीम, फिती आणि गुलाब यांनी जवळजवळ सारी जागा व्यापली आहे. तैलरंग सावकाश वाळतो, पातळ थरांवर थर चढवता येतात. रेशमाची झळाळी त्यातूनच साधते. वेल्सच्या हाती माध्यम तेच होते, पण पुणे दरबारातील दर्जाची वाटणी निराळी होती. मोत्यांचा व जडावाचा मान अठरा वर्षांचे पेशवे सवाई माधवराव यांच्याकडे आहे. राज्याची सूत्रे ज्यांच्या हाती होती त्या नानांचा पेहराव त्यामानाने साधा, पांढरा आहे. हा साधेपणा चित्रकाराच्या घाईचा किंवा सोयीचा परिणाम असावा, असा आक्षेप घेता येईल. तसे असते तर त्याच कापडावर पेशव्यांचे अलंकार इतके निगुतीने आले नसते. भेद माणसांच्या पदांचा आहे: धनी दागिन्यांनी ओळखावा, कारभारी त्याच्याजवळच्या आसनाने.

दुसरा आक्षेप असा की ही परक्या चित्रकाराची नजर आहे, दरबाराची नव्हे. तो अंशतः खरा आहे. वेल्सला पुण्यात आणण्यामागे इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट होता आणि त्याच्यामुळे दरबारात झालेल्या ओळखींचा उपयोग पुढे वेल्सच्या दरबारचित्रासाठी झाला. त्या चित्रात १७९० चा टिपूविरोधी तहाचा प्रसंग आहे. वेल्स मुंबईस आला १७९१ मध्ये. म्हणजे प्रसंग त्याने पाहिलेला नव्हता, चेहरे मात्र समोर बसवून टिपले होते. वेल्सच्या मृत्यूनंतर चित्रकार टॉमस डॅनियलने ते चित्र १८०५ मध्ये पूर्ण केले. मागणी रेसिडेन्सीची असली, तरी समोर बसताना काय ल्यावे हे बसणाऱ्यांच्या हाती होते. म्हणून प्रस्तुत चित्र शैलीच्या इतिहासापेक्षा दरबारी शिष्टाचाराचा पुरावा म्हणून अधिक मोलाचे ठरते.

वेल्सशी संबंधित पुण्यातील चित्रशाळा : शनिवारवाड्यात, पेशव्यांच्या आश्रयाने. गंगाराम तांबट यांचे नाव तिच्याशी निगडित.