औषध पोहोचत नव्हते तिथे : ल्युकेमिया आणि मेंदूचा आडोसा

१/ १९४७ च्या अखेरीस बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन देण्यास आरंभ केला. हे औषध लेडर्ली प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या सहकाऱ्यांनी तयार केले होते. १६ पैकी १० मुलांची प्रकृती सुधारली. पण सुधारणा काही महिनेच टिकली.

२/ १९६० नंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत एमिल फ्राय व एमिल फ्रायराइक यांनी चार औषधे एकत्र दिली. रक्तातून रोग नाहीसा झाला, मुले घरी गेली. त्यांतली कित्येक पुढे डोकेदुखी, उलट्या आणि दुहेरी दृष्टी घेऊन परतली. रक्त निर्दोष होते. पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवात मात्र ल्युकेमियाच्या पेशी होत्या.

३/ असे का व्हावे? १८८५ मध्ये पॉल एहर्लिख यांना आढळले होते की, प्राण्याच्या रक्तात सोडलेला रंग बहुतेक अवयवांत उतरतो, मेंदूत नाही. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. विषारी द्रव्ये अडवणारी ही तटबंदी औषधांनाही अडवते. मेंदूच्या आवरणांत आधीच शिरलेल्या रोगपेशी तिच्याआड सुरक्षित राहत.

४/ मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातील डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी लक्षणांची वाट न पाहण्याचे ठरवले. १९६७-६८ मध्ये सुरू झालेल्या उपचारक्रमात ३५ मुले होती. रक्तातील रोग आटोक्यात येताच त्यांच्या डोक्याला २,४०० रॅड किरणोत्सर्ग आणि कण्यातील द्रवात मेथोट्रेक्सेट देण्यात आले. वरवर बऱ्या दिसणाऱ्या मुलाच्या मेंदूवर असा मारा करणे हा धाडसी निर्णय होता. जवळजवळ निम्मी मुले कायमची बरी झाली.

५/ या यशाची किंमतही मोठी होती. वाचलेल्या काही मुलांची आकलनशक्ती मंदावली, वाढ खुंटली; काहींना पुढे मेंदूत गाठी झाल्या. म्हणून किरणांची मात्रा टप्प्याटप्प्याने घटवून कण्यातील इंजेक्शनांवर भर वाढला.

६/ २००९ मध्ये त्याच सेंट ज्यूडने दाखवून दिले की, प्रभावी औषधयोजना असेल तर डोक्याला किरण न देताही बहुसंख्य मुले बरी होतात. आज ल्युकेमियाच्या मुलाच्या कण्यात सुई टोचताना आईवडील विचारतात, रोग तर रक्ताचा, मग पाठीत इंजेक्शन कशासाठी? त्याचे उत्तर या इतिहासात आहे.