फ्यूज पुन्हा पुन्हा का उडतो? सीआरटी प्रोजेक्टरच्या पॉवर सप्लायची गोष्ट

आजच्या भागातलं यंत्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कधी पाहिलंच नसेल. समोर तीन मोठ्या काचा: एक लाल, एक हिरवी, एक निळी. छताला उलटं टांगलेलं, आणि खाली उतरवायचं तर दोन-तीन माणसं लागणार. हा सीआरटी प्रोजेक्टर. जगात काही लोक अजूनही हे जपून आहेत, आणि त्या सगळ्यांची तक्रार जवळपास एकच असते. पॉवर सप्लाय जातो, दुरुस्त करतात, दोन महिन्यांनी पुन्हा जातो. असं का होतं? मला वाटतं, याचं उत्तर शोधायला मल्टिमीटर हातात घ्यायच्या आधी या यंत्राचा इतिहास बघायला हवा.

दिवा नसलेला प्रोजेक्टर

सुरुवात १८९७ साली. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी कॅथोड रे ट्यूब बनवली. आपल्या जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब ही तिचीच वंशज. मग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हेन्री क्लॉस यांच्या ॲडव्हेंट कंपनीने घरात ठेवता येईल असा प्रोजेक्शन टीव्ही आणला. पडदा ७ फुटांचा! पुढे बेल्जियमची बार्को, जपानची सोनी, कॅनडाची इलेक्ट्रोहोम अशा कंपन्यांनी व्यावसायिक प्रोजेक्टर बनवले. वैमानिकांचे सिम्युलेटर, मोठ्या कंट्रोल रूम, प्रयोगशाळा अशा ठिकाणी ते पोहोचले. १९९२ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठाने बनवलेली ‘केव्ह’ नावाची व्हर्च्युअल रिॲलिटीची खोली दाखवली गेली, तिच्या भिंतींवरची चित्रंही अशाच प्रोजेक्टरमधून येत होती.

आता गंमत अशी की आजच्या साध्या प्रोजेक्टरमध्ये प्रकाशासाठी वेगळा दिवा किंवा एलईडी असतो. सीआरटी प्रोजेक्टरमध्ये दिवाच नाही. तीन छोट्या पिक्चर ट्यूब आहेत, आणि भिंतभर चित्र उजळायचं तर त्या ट्यूबनाच जीव तोडून चमकावं लागतं. त्यासाठी ३० हजार व्होल्टच्या वर दाब लागतो. शिवाय किरण डावीकडे-उजवीकडे, वर-खाली फिरवायचा, तिन्ही रंग एकमेकांवर नेमके बसवायचे, पंखे चालवायचे. हे सगळं एकाच पॉवर सप्लायच्या जिवावर. घरात कोणाचंही काही बिघडलं की ताण कर्त्या माणसावर येतो, तसंच हे.

ओला कागद आणि गरम पेटी

हा पॉवर सप्लाय म्हणजे एसएमपीएस. भिंतीतून येणारी २३० व्होल्ट एसी वीज आधी साधारण ३२५ व्होल्ट डीसी होते. मग एक ट्रान्झिस्टर ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. इतक्या वेगामुळे छोट्या ट्रान्सफॉर्मरवर काम भागतं. १९७० च्या दशकात ही पद्धत महागड्या यंत्रांमधून बाहेर पडून सगळीकडे जाऊ लागली. १९७७ च्या ॲपल टू कॉम्प्युटरमध्येही ती होती.

पण या पद्धतीला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लागतात. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलात तर तिथे त्याला ‘कंडेन्सर’ म्हणतात. मला तरी हा शब्द पुस्तकाच्या आधी काउंटरवरच कळला. आत असते ॲल्युमिनियमची पातळ पट्टी, तिच्यासोबत गुंडाळलेला कागद, आणि तो कागद एका द्रवाने ओला केलेला. खाली रबराचं बूच. हा द्रव वर्षानुवर्षं हळूहळू उडून जातो, आणि उष्णता असेल तर झपाट्याने.

यात एक साधा ठोकताळा आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. गणित करून बघा. एका कपॅसिटरवर लिहिलंय ‘८५ अंश’, आणि त्या तापमानाला कंपनी २००० तासांची खात्री देते. पेटीच्या आत ६५ अंश असतील तर आयुष्य चौपट, म्हणजे ८००० तास. दिवसरात्र चालवला तर वर्षसुद्धा पूर्ण होत नाही! तोच १०५ अंशांचा कपॅसिटर घेतला तर ३२ हजार तास, म्हणजे साडेतीन वर्षांच्या पुढे. दुकानात किमतीचा फरक किरकोळ, यंत्रात मात्र वर्षांचा.

चालू होता तोवर ठीक होतं

इथे इतिहास कामाला येतो. कंट्रोल रूममधला प्रोजेक्टर सहसा बंदच होत नसे. एसएमपीएसच्या कंट्रोल आयसीजवळ एक छोटासा कपॅसिटर असतो. सुरू होताना पहिला धक्का तो देतो. एकदा यंत्र चालू झालं की आयसीला ट्रान्सफॉर्मरकडूनच वीज मिळते. त्यामुळे हा चिमुकला कपॅसिटर आतून सुकला तरी कोणाला पत्ता लागत नाही. मग एक दिवस साफसफाईसाठी प्रोजेक्टर बंद करतात, पुन्हा बटण दाबतात, आणि आतून फक्त टिक... टिक... टिक. सप्लाय सुरू व्हायचा प्रयत्न करतोय, पण जमत नाहीये. कालपर्यंत चालणारं यंत्र ‘उगाच’ बंद पडलं असं सगळ्यांना वाटतं.

दुसरा प्रकार फ्यूजचा. फ्यूज उडाला, नवा घातला, तोही उडाला. मग कळतं की स्विचिंग ट्रान्झिस्टर शॉर्ट झालाय. तो बदलला, चित्र आलं, सगळे खूश. दोन महिन्यांनी पुन्हा अंधार! कारण ट्रान्झिस्टर जो गेला तो दुसऱ्याच्या दुखण्याने गेला होता. कधी सुकलेला कपॅसिटर. कधी ‘ड्राय सोल्डर’, म्हणजे गरम-थंड होऊन तडा गेलेला जोड. कधी रंग जुळवणाऱ्या कन्व्हर्जन्स सर्किटचा आयसी शॉर्ट होऊन सप्लायवर भार टाकतो. आणि कधी ट्यूब थंड ठेवण्यासाठी तिच्या तोंडाशी भरलेलं ग्लायकॉल गळून बोर्डावर उतरतं.

म्हणून जाणता कारागीर जळलेला भाग बदलून थांबत नाही. तो आधी सिरीज बल्ब लावतो. जुना तारेचा बल्ब आणि यंत्र एका ओळीत. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. मजा म्हणजे यासाठी एलईडी बल्ब चालत नाही, त्यामुळे हे लोक आता जुने बल्ब जपून ठेवतात! मग तो एकेक सर्किट सुटं करून भार कोण टाकतंय ते शोधतो. आणि शेवटी सप्लायमधले सगळेच इलेक्ट्रोलिटिक एकदम बदलतो. सगळे एकाच वयाचे, एकाच पेटीत भाजलेले. एक गेला तर बाकीचे रांगेतच आहेत.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. ऐकून उत्साह आला म्हणून घरी जुनी पेटी उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो, आणि ट्यूबमधला त्याहून कितीतरी जास्त. हे काम शिकलेल्या माणसाचं आहे.

पण हे वाचवायचं कशाला?

१९८७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी सूक्ष्म आरशांची चिप बनवली. तिच्यातून डीएलपी प्रोजेक्टर आले, हलके आणि स्वस्त. सीआरटी प्रोजेक्टर मागे पडले. मग नवा घ्यावा आणि मोकळं व्हावं, नाही का?

कोरियन कलावंत नाम जून पाइक यांचं ‘वन कँडल’ हे काम जर्मनीत फ्रँकफर्टच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे. एक जळती मेणबत्ती, समोर कॅमेरा, आणि भिंतींवर त्याच ज्योतीच्या लाल, हिरव्या, निळ्या प्रतिमा, एकमेकींपासून सुटलेल्या. हे शक्य होतं कारण सीआरटी प्रोजेक्टरमध्ये तीन रंगांच्या तीन वेगळ्या ट्यूब असतात. आजच्या प्रोजेक्टरमधून तिन्ही रंग एकाच भिंगातून बाहेर पडतात. तो तिथे नुसता आणून ठेवला तर मेणबत्ती दिसेल, पण ते काम उरणार नाही.

पाइक यांचंच १००३ टीव्ही संचांचं मोठं काम कोरियात ग्वाचनला आहे. ते २०१८ मध्ये बंद करावं लागलं आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. त्यातल्या काही संचांच्या जागी सपाट पडदे बसवावे लागले. म्हणजे एक अख्खी कलाकृती काही रुपयांच्या कपॅसिटरवर, आणि तो ओळखणाऱ्या हातांवर उभी असते. कपॅसिटर अजून बाजारात मिळतो. टिक-टिक ऐकून नेमकं कुठे बघायचं हे सांगणारी माणसं मात्र आता साठी-सत्तरीत आहेत.

तुमच्या गावात टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं एखादं जुनं दुकान अजून उघडं असेल, तर एकदा जा. काका काय सांगतात ते ऐका, त्यांची परवानगी असेल तर फोनवर रेकॉर्ड करा. फोन तर आपल्या हातात असतोच. भेटूया पुढच्या भागात, तोवर काळजी घ्या!